काजवे, भाकरी आणि पावती कुणाची

पंच्याहत्तर हजार सहाशे रुपयांतले चार हजार सातशे. रुपयातले सहा पैसे म्हणा. आमच्या खराडीतून ४२ माणसं एका शनिवारी भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेली, माणशी १,८०० रुपये भरले, आणि ज्या वाडीत आम्ही राहिलो त्या वाडीच्या हातात शेवटी एवढे पडले. तंबू ज्या खाचरात लावले त्याच्या मालकाला रात्रीचे ३,०००. भाकऱ्या थापायला बोलावलेल्या चार बायांना ३०० प्रमाणे १,२००. अंधारात झाडांपर्यंत नेऊन आणणाऱ्या पोराला ५००. संपला हिशोब. पनीर नारायणगावातून आलं होतं, पाण्याच्या बाटल्या पुण्यातून, स्पीकरही पुण्यातूनच. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण तो एकटा असा नाही आणि त्याने काही बेकायदा केलं असंही माझं म्हणणं नाही. बसचं भाडं आहे, डिझेल आहे, तंबू आहेत, त्याचाही खर्च होतोच. पण तरी सहा पैसे?

हे मी कुणाला खोदून विचारलं नाही. सकाळी चुलीपाशी चहा पीत बसलो होतो, तेव्हा मावशींनीच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, सहज. वर म्हणाल्या, "तीनशे बरे हायेत की, भाताच्या लावणीला बी एवढेच मिळतात." ते ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर. कळसूबाई तिथेच, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड, रतनगड, साम्रदची सांधण दरी, घाटघरचा कोकणकडा, सगळं त्याच पट्ट्यात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे. बियाणांच्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, म्हणजे शेंडी ओलांडून मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी असा धरणाला वळसा घालणारा जो रस्ता आपण 'रिंग रोड' म्हणून पळवतो, तो बराचसा अभयारण्यातून जातो.

मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आधी, हवेत दमटपणा आला की इथली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी भरतात. अख्खं झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. हा नाच आपल्यासाठी नसतो. नर माद्यांना खुणावत असतात. वर्षातला बराच काळ हा किडा अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात काढतो आणि शेवटचे थोडे दिवस पंख लावून उजेडात येतो. तेवढ्या दिवसांत जोडी जमली तर पुढची पिढी, नाही तर नाही. तिथे आपण गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च आणि रीलसाठी रिंगलाइट घेऊन जातो. झाडाखाली जाऊन उभं राहिलं की पायाखाली काय चिरडतं ते दिसतही नाही. वनखात्यानं वेळेचे निर्बंध घातले, फ्लॅशला बंदी केली, नाक्यावर तपासणी ठेवली. पण शनिवारी रात्री शेंडीपासून लागलेली गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळं काय सांगू. नगर रोडचा चौक उचलून डोंगरात नेऊन ठेवलाय असं वाटतं.

आता पैशाकडे येतो, कारण माझा मुद्दा काजव्यांइतकाच तिथल्या माणसांचा आहे.

त्याच तालुक्यात पुरुषवाडी नावाचं गाव आहे. पुण्याहून आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ असं जाता येतं. पाणलोटाची कामं तिथे आधीच झाली होती. २००० च्या दशकाच्या मध्यावर 'ग्रासरूट्स' या उपक्रमानं गावाबरोबर बसून पाहुणे आणायला सुरुवात केली. कल्पना साधीच. रिसॉर्ट नाही. पाहुणे गावात राहणार, जेवण गावातल्या घरात, आणि घरं पाळीपाळीनं. गावाची समिती ठरवणार कुणाकडे कधी किती माणसं पाठवायची. वाट दाखवणारा गावचा, रांधणारी गावची, शेतातलं काम दाखवणारा गावचा. काजव्यांच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून तिथे जाणाऱ्यांची गर्दी असते, पण गर्दीला जेवायला वाढायचं कुणी हे गाव ठरवतं. तिथे सगळं गोड आहे असा माझा दावा नाही. बाहेरची संस्था पाहुणे आणते म्हणजे किल्ली काही प्रमाणात बाहेरच राहते. पण सहा पैशांपेक्षा ही गोष्ट फार वेगळी आहे.

कोकणात वेळासला हेच झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं कासवांची अंडी वाचवायचं काम हाती घेतलं, २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारी माणसं गावातल्या घरांत उतरू लागली. ज्या गावात पूर्वी अंडी चोरली जायची त्या गावाला कासवाचं जिवंत पिल्लू मोलाचं झालं. साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या वन समित्या शुल्क घेतात, रोजची माणसं मोजून सोडतात, गावातली पोरंच रखवालीला असतात. आपल्याकडे उदाहरणं नाहीत असं नाही. आपण फॉर्म भरताना बघत नाही, एवढंच.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पाळी. गावात त्याला 'नंबर' म्हणतात. "औंदा नंबर खालच्या आळीचा." शहरी डोक्याला ही पद्धत मागासलेली वाटते. आपल्याला वाटतं, ज्याचं घर चांगलं, ज्याचा संडास स्वच्छ, ज्याला बोलता येतं, त्याच्याकडेच जावं; बाजार आपोआप ठरवेल. बाजार ठरवतो हे खरंच आहे. रस्त्याकडेच्या दोन घरांचं हॉटेल होतं, त्यांचे मेहुणे जीप घेतात, आणि वरच्या आळीतल्या विधवा बाईच्या घरापर्यंत फक्त डीजेचा आवाज पोचतो. पाच वर्षांत गावात दोन गट पडतात. मग सरपंचपदाची निवडणूकही पार्किंगच्या ठेक्यावर लढली जाते.

पाळीची पद्धत या माणसांना कुणी शिकवावी लागत नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात उतारावर भातखाचरं बांधायला घरटी एकेक माणूस येऊन एकमेकांच्या शेतात राबायची जी रीत आहे, तिला पडकई म्हणतात. आज तुझ्या बांधाला, उद्या माझ्या. आपल्याकडे सावड म्हणतात ती तीच. डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आदिवासींबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेनं याच पडकईला सरकारी योजनेत जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं धडपड केली. आता बघा, जी माणसं दगडाचे बांध पाळीनं घालू शकतात, ती आठ पाहुण्यांचं जेवण पाळीनं लावू शकणार नाहीत? त्यांना जमतं. आपल्याला थांबायला जमत नाही.

जरा लांबचं उदाहरण देतो. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही वर. काठाला आयमारा आणि क्वेचुआ लोक राहतात. बटाटा, किनोआ, लामा आणि अल्पाका हे त्यांचं जगणं. त्यांच्यातही पडकईसारखी रीत आहे, 'आयनी' म्हणतात. तिथल्या ताकिले बेटावरच्या क्वेचुआ लोकांनी १९७० च्या दशकात पर्यटक यायला लागल्यावर स्वतःच्या बोटी घातल्या आणि उतरलेला पाहुणा पाळीनं घराघरांत वाटून दिला. जगभर त्याचं कौतुक झालं. पुढे पेरूत मुक्त बाजाराची धोरणं आली, बोटींवरचा त्यांचा हक्क गेला, पूनो शहरातल्या टूरवाल्यांच्या वेगवान बोटी आल्या. आता बहुतेक लोक सकाळी येतात, जेवतात, फोटो काढतात, दुपारी परत. मुक्कामाचा पैसा शहरात राहतो. म्हणजे आमच्या ४२ जणांच्या बससारखंच.

दुसरं उदाहरण त्याहून कडू आहे. त्याच सरोवरात बोलिव्हियाच्या बाजूला 'सूर्याचं बेट' आहे, तिथे आयमारांच्या तीन वस्त्या. पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या आणि पवित्र जागेची हद्द यांवरून चाया आणि चायापाम्पा या दोन वस्त्यांमध्ये २०१७ मध्ये इतकं पेटलं की बेटाचा उत्तर भाग पर्यटकांना बराच काळ बंद राहिला. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला. म्हणून 'गावाच्या हातात दिलं की सगळं छान होतं' असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. कुणाला किती, हे आधी चारचौघांत ठरलं नसेल तर पाहुणा हे भांडणाचं कारण होतो.

आपल्याकडे हे चारचौघांत ठरवायची कायदेशीर सोय आहे, ती वापरली जात नाही. अकोल्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळू शकतात. ग्रामसभेनं ठरवलं तर पार्किंग कुठे, तंबू किती, स्पीकर चालेल का, माणशी किती रुपये गावाच्या खात्यात, हे ती ठरवू शकते आणि वनखात्याशी बसून बोलू शकते. पण मे महिन्यात अर्धी वाडी नारायणगावच्या टोमॅटोत किंवा आपल्या खराडीतल्या गेटवर असते. ग्रामसभेला बसायचं कुणी? आमच्या गेटवर रात्रपाळीला जो मुलगा आहे तो त्याच पट्ट्यातला. त्याच्यामुळेच मी दुसऱ्यांदा तिकडे गेलो, बसनं नाही, एसटीनं आणि पुढे जीपनं. त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. शनिवारी तिथे पन्नास गाड्या उभ्या राहिल्या तर तो मला गेट उघडून देणार नाही.

जमिनीचं एक सांगायचं राहिलं. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही; जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमानुसार भाडेपट्ट्यानं द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तरीही तलावाकाठी रिसॉर्टच्या पाट्या वाढतायत. सातबारा एकाच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार या भागात फिरणाऱ्या कुणालाही नवा नाही. २०२५ मध्ये आदिवासींना जमीन खासगी मंडळींना थेट भाड्यानं देता यावी असा विचार सरकारकडून पुढे आला, तेव्हा आदिवासी संघटनांनी विरोध केला तो याच धास्तीनं. काही मित्र म्हणतात, "अहो, त्यांची जमीन, त्यांना पैसे मिळतील तर तुम्ही कोण अडवणारे?" प्रश्न रास्त आहे. पण मी खराडीत राहतो. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत बंद झाली, ज्वारीच्या रानात आयटी पार्क उभे राहिले. गावठाणातले एक आजोबा नदीकाठच्या आपल्या जुन्या रानाकडे बोट दाखवून मला म्हणाले होते, "पैका झाला रे. पोरांनी गाड्या घेतल्या. पण आता गावात काय करायचं ते आम्हाला कोण इचारतंय?" त्यांना किमान खराडीच्या भावानं पैका तरी मिळाला. साम्रदच्या माणसाला तो भावही मिळणार नाही आणि विचारणारही कुणी नाही.

आणि पाणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्या प्रवरेच्या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला, १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला, तो इतिहास आपण शाळेत अभिमानानं वाचला. वरच्या वाड्यांमधल्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन खाली उतरतात. धरण उशाला, कोरड घशाला. त्याच दिवसांत आपण तिथे जातो. आमच्या बसमधल्या काहींनी सकाळी अंघोळीला गरम पाणी मागितलं, दोन-दोन बादल्या. ते आणलं त्याच मावशींनी, तीनशेमध्येच. टँकरवर जगणाऱ्या खराडीच्या माणसाला हंड्याचं वजन कळायला हवं, असं मला फार वाटतं.

संस्कृतीबद्दल थोडं, कारण पोस्टरवर 'आदिवासी नृत्य' असं ठळक छापलेलं असतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर ठाकर पोरांनी कांबड नाच केला. सुंदर केला. पण आमच्यातल्या एकानं मोबाइलवर कुठेतरी बोहाड्याचे मुखवटे बघितले होते. तो एका म्हाताऱ्या बाबांना म्हणाला, "बाबा, ते देवांचे मोठे मुखवटे असतात ना, ते घालून दाखवा की. वेगळे पैसे देऊ." बाबांनी बिडी विझवली आणि शांतपणे म्हणाले, "त्याला टायम असतो." आणखी आग्रह झाला. "लग्नातली हळद तुम्ही कंदीबी लावता का?" एवढं बोलून ते उठून गेले. बोहाडा उन्हाळ्यात असतो, मुखवट्यांची आधी पूजा होते, कुठलं सोंग कुणाच्या घराण्यानं घ्यायचं हे ठरलेलं असतं. वाघबारस दिवाळीच्या तोंडावरच, वाघोबाला नैवेद्य दाखवूनच. बाबांनी नकार दिला याचं मला विशेष वाटतं ते यासाठी की त्यांना तो देता आला. शेताचं भाडं ज्याला आयोजकाकडून येतं तो नाही म्हणू शकत नाही. त्या रात्री तसं कुणी तिथे असतं तर मुखवटे निघाले असते.

दुसऱ्या खेपेला त्या मुलाच्या गावात आम्ही सहाजण होतो. नंबर ज्या घराचा होता तिथे नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, वरईचा भात, आणि सकाळी करवंदं. बाथरूम बाहेर होतं, लाइट दोनदा गेली, त्यामुळे काजवे अंगणातूनच दिसले. माणशी ७०० घेतले. त्यातले १०० गावाच्या डब्यात गेले, त्याची वहीत नोंद झाली आणि माझी सही घेतली. वही शाळेची, चारेघी. गेल्या वर्षी त्या डब्यातून विहिरीवरचा रहाट दुरुस्त केल्याचं वरच्या पानावर लिहिलेलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब इतका स्वच्छ मी कधी बघितलेला नाही, चेअरमन साहेबांनी राग मानू नये.

काहीजण विचारतील की सरकार काय करतंय. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. चांगलं आहे, पण ते मुख्यतः एकेका शेतकऱ्याच्या नोंदणीचं आहे. ज्याच्याकडे खोल्या बांधायला पैसा आहे त्याच्या उपयोगाचं. पाळीनं चालणाऱ्या अख्ख्या वाडीची नोंद त्यात नीट बसत नाही. माझ्या मते अकोले, जुन्नर, आंबेगावच्या आमदारांनी याच्या मागे लागायला हवं: नोंदणी ग्रामसभेच्या नावे, आणि अभयारण्याच्या नाक्यावर आपण जे शुल्क भरतो त्यातला ठरावीक वाटा गावांच्या खात्यात, दरवर्षी फलकावर लिहून. मी दोघा-तिघांना पत्र पाठवलंय. उत्तर आलं की इथेच टाकीन.

तोवर, यंदा ज्यांना काजवे बघायचे आहेत आणि बसचं बुकिंग अजून केलेलं नाही त्यांनी मला मेसेज करा. पाऊस लवकर आला तर बेत रद्द, पैसे परत मिळणार नाहीत, कारण दळण आधीच दळून ठेवलेलं असतं. शुक्रवार किंवा रविवारची रात्र, शनिवार नाही. एका खेपेला दहा माणसं. औंदा नंबर आहे त्या घरातल्या काकूंनी फोनवर सांगितलंय की एका वेळी पंचवीस भाकऱ्यांच्या वर तव्यावर होत नाहीत, तेव्हा जास्त खाणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या खेपांत यावं. अंथरूण-पांघरूण आपापलं आणायचं. टॉर्चला लाल कागद लावून आणा. आणि सुटे पैसे आणा; तिथे रेंज नसते, स्कॅनर चालत नाही.